मागे, डावीकडे

ती गाडी आमच्या गॅरेजात दोरखंडाने ओढून आणली. पुढे ट्रक, मागे ती, आणि तिचे स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेले, चष्मा लावलेले एक गृहस्थ. सकाळची वेळ होती. समोरच्या छापखान्यातली माणसे हातातले काम टाकून बघायला आली.

दादाने दारातूनच हाक मारली, "इंजिनवाले महाराज, बाहेर या! तुमच्या आजीच्या वयाची पाहुणी आलीय."

दादा माझा थोरला भाऊ. पत्र्याचे काम त्याचे, इंजिनाचे माझे. गॅरेज वडिलांचे. वर दोन खोल्या, तिथे दादा, वहिनी आणि मी. माझे लग्न झाले नाही. "त्याचं इंजिनाशी लागलंय, आणि बायकोही रोज धूर काढते," असे दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. दिवसभर त्याच्या हातोडीचा ठोका आणि त्याची थट्टा, दोन्ही एका लयीत चालायचे. त्या आवाजाच्या आधारानेच मी काम करायचो. आवाज थांबला की वर बघायचो.

गाडी देखणी होती. काळपट हिरवी, लांब नाकाची, मडगार्ड फुगीर, आत लाकडी पट्ट्या, मागची सीट दिवाणाएवढी. पण उभी मात्र वाकडी. गृहस्थांनी तक्रार सांगितली ती मोजक्या शब्दांत. इंजिन हादरते, आणि बॉडी बसत नाही. मागचे डावे दार लावले की उघडते, बोनेट एका अंगाला चढते.

"सरळ होईल ना?" त्यांनी विचारले.

"न व्हायला काय झालं? देवाने हात दिलेत," दादा म्हणाला.

"सरळ झाली की कळवा," एवढेच बोलून ते गेले. मागच्या डाव्या दाराला जरा वळसा घालून गेले.

दादा जमिनीवर उकिडवा बसला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "मागचा डावा कोपरा वर आहे. चांगली दोन बोटं."

वाकडी गाडी म्हणजे बहुतेक वेळा वाकडी चासी, गाडीचा खालचा सांगाडा. म्हणून आम्ही आधी चासी तपासली. तिच्या ठरलेल्या ठिकाणांवरून ओळंबा सोडायचा, खाली फरशीवर खडूने खूण करायची, गाडी बाजूला ढकलायची आणि खुणांची तिरकी मापे एकमेकांशी ताडून बघायची. मापे तंतोतंत जुळली. चासी सरळ होती. मग चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे थकले असतील म्हणून डावे पाटे उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावले. कोपरा तरी डावाच वर. इंजिनाखालची रबरे नवी घातली. इंजिन जागेवर उतरवले तर तीन बोल्ट भोकात गेले आणि चौथा केसभर चुकला. पंखा जाळीला घासत होता. मी देवाचे नाव घेत घेत इंजिन परत उचलले, परत उतरवले. चौथा बोल्ट चुकला.

बरेच दिवस असेच गेले. इतर कामे खोळंबली. शेवटी दादा वैतागून म्हणाला, "थांब, मी आत बसतो. दार कुठे अडतंय ते आतून बघू."

तो मागे, डावीकडे बसला. मी दार ढकलले.

टप. असा आवाज फक्त नव्या गाडीचे दार करते.

मी मागे सरून पाहिले. कोपरा खाली आला होता. दाराच्या चारही बाजूंची फट सारखी. बोनेटही समोर नीट बसले होते. मी पुढे जाऊन इंजिनाचा तो चौथा बोल्ट नुसत्या बोटाने ढकलला, आणि तो अलगद आत गेला.

"दादा, उतर बघू." दादा उतरला. कोपरा वर, दार उघडे.

"बस बघू." तो बसला. टप.

मग मी बसून पाहिले. कोपरा हलला नाही. मांडीवर वाळूचे पोते घेऊन बसलो, तरी नाही. वहिनीला हाक मारली. ती हात पुसत आली आणि हसत बसली, तरी नाही.

"पाहुणीला माणसाची पारख आहे," दादा म्हणाला. "तुझ्यासारख्या काडीला कोण जागा देणार!"

पोते आणि मी मिळून दादापेक्षा खूप जड होतो. हे मी बोललोही. दादाने खांदे उडवले. काम जमत होते, आणि जमणाऱ्या कामाला कारागीर फार प्रश्न विचारत नाही.

आमच्या वडिलांची एक पद्धत होती. ती दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मी पाहिलेली नाही. बॉडीचे बोल्ट शेवटचे कसताना ते गाडीत माणूस बसवायचे. पोती त्यांना चालत नसत. म्हणायचे, "पोतं श्वास घेत नाही. रिकामी गाडी सरळ केली तर माणूस बसल्यावर वाकते. गाडी माणसावर कसायची." लहानपणी आम्हा दोघांवर अशा कितीतरी गाड्या कसल्या गेल्या होत्या.

तसाच दादा त्या दुपारी मागच्या सीटवर बसला, आणि मी गाडीखाली सरकून एकेक बोल्ट आवळत गेलो. वरून त्याचे बोलणे ऐकू येत होते. सीट किती मऊ आहे, वहिनीला असाच दिवाण हवाय, खालचा माणूस किती हळू काम करतो. मग बोलणे थांबले. मी बाहेर येऊन पाहिले तर दादा डाव्या खिडकीला टेकून झोपला होता. खिडकीतून आलेले ऊन त्याच्या गालावर होते. मी उरलेले बोल्ट त्याला न उठवता कसले.

तो जागा होऊन उतरला, आणि कोपरा खालीच राहिला. दार लागलेले राहिले. इंजिन सुरू केले, बोनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी हलले नाही. दादाने मला उचलून एक गिरकी घेतली.

मी हसत होतो. पण मला उचलताना त्याचे पाय मागे घसरले, हे माझ्या लक्षात आले होते.

आमचा जिना लाकडी आहे आणि दादा चढला की तो कुरकुरतो. त्या संध्याकाळी जिना गप्प होता. वहिनी दचकली. "मांजरासारखे काय आलात?" दुसऱ्या दिवशी दादाने एका मडगार्डावर हातोडी मारली. पत्र्याला पोचाही आला नाही. दादाच एक पाऊल मागे गेला. त्याने परत मारली, परत मागे गेला. मग हातोडीकडे बघून म्हणाला, "हिने नोकरी सोडली वाटतं."

मी त्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभे केले, काटा झटकला, परत उभे केले, आणि शेजारच्या दवाखान्यातून दुसरा काटा मागवला. दोन्ही काटे तेच सांगत होते. दादाचे वजन एखाद्या पोराइतके भरत होते. पण अंगाने तो होता तसाच होता. पोट तेच, दंड तेच, पट्टा त्याच भोकात. रक्त तपासले, छातीचा फोटो काढला. कशात काही नाही.

"बायको वर्षानुवर्षं म्हणत होती, वजन कमी करा," दादा डॉक्टरांना म्हणाला. "आता केलं, तर रडते."

वहिनी खरेच रडत होती. भरवत होती आणि रडत होती. ताटातले सगळे संपायचे आणि काटा आणखी खाली जायचा. तिने दादाच्या सदऱ्याला आतून खिसे शिवले आणि माझ्याकडून मोठमोठे नट मागून घेऊन त्यांत भरले, कारण खिडकी उघडी असली की वाऱ्याने ढकलला जाऊ नये म्हणून तो भिंतीला हात लावून चालायचा. झोपताना ती चादर दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचायची. मी देवापुढे बसायचो आणि मागायला शब्द सापडायचे नाहीत. देवा, माझ्या भावाला जड कर. असे कुणी कधी मागितले असेल?

एका दुपारी मी त्याच्या उशाशी बसलो होतो. दादा डोळे मिटून पडला होता. खोलीत ऊन नव्हते, पडदे ओढलेले होते.

"डाव्या गालाला चटका बसतोय रे," तो म्हणाला.

"कशाचा?"

"उन्हाचा." मग बऱ्याच वेळाने, "मी इथे पडलोय हे मला कळतंय. पण मधेच वाटतं, अजून तिथेच बसलोय. खालून तुझ्या पान्याचा आवाज येतोय."

मी उठलो आणि तडक खाली गेलो. गाडी जिथे होती तिथेच होती, आणि तिचे डावे दार उन्हात होते.

मी इंजिनाचा माणूस. एका ठिकाणी दाब कमी झाला तर तो कुठेतरी गळत असतो, हे मला कळते. यापलीकडे मला काही कळत नव्हते. गाडी दादावर कसली होती. मग ती त्याच्याच बसण्याखाली सोडवायची. जसे आवळले, तसेच उलट्या क्रमाने सैल करायचे.

वहिनीला मी काय करणार ते सांगितले. तिने का म्हणून विचारले नाही. दादाला तिने एका हाताने उचलून खाली आणले. कपड्यांचे गाठोडे आणावे तसे.

"नवरी आली बघा," दादा क्षीण आवाजात म्हणाला.

त्याला मागे, डावीकडे बसवले. कोपरा तसूभरही दबला नाही. मी खाली सरकलो.

पहिला बोल्ट सुटला. काही झाले नाही.

दुसरा सुटला. तिसरा गंजल्यासारखा अडून बसला. मी तो नवा घातला होता. पान्यावर पाय देऊन सोडवला. पत्रा कण्हला.

"दादा, बोलत राहा," मी खालून ओरडलो.

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

"शिव्यांना माणूस तरी बरा हवा," तो म्हणाला. मला खाली पडल्या पडल्या हसू आले आणि डोळ्यांतून पाणी कानात गेले.

मी एकामागून एक सोडवत गेलो. वर दादा बोलत होता. मग हळू बोलत होता.

मग बोलत नव्हता.

शेवटचा बोल्ट हातात आला तसे माझ्या डोक्यावरचे पाटे करकरले.

"उतर!" मी ओरडलो. "दादा, आता उतर!"

दार उघडले. गाडीखालून मला त्याचे पाय दिसले. एक खाली आला. दुसरा आला. फरशीवर ठेवलेले पाने खणखणले.

कोपरा दोन बोटे वर गेला.

मी सरपटत बाहेर आलो. वहिनी त्याला मिठी मारून ओक्साबोक्शी रडत होती, आणि तो तिच्या मिठीत भिंतीसारखा उभा होता. मी त्याला हलवून पाहिले. हलला नाही. देवा, मी म्हणालो, देवा, देवा.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही फार कष्ट घेतलेत. आभारी आहे."

मला वाटले, थट्टा करतोय.

जिना परत कुरकुरायला लागला. पहिल्यापेक्षा जास्तच. दादा जेवायचा, झोपायचा, खाली येऊन पत्र्याचे काम करायचा. काम चोख. ठोके एकसारखे. पण ठोक्यांच्या मधे काहीच नव्हते. मी मुद्दाम पाना पाडला, तेल सांडले, एकदा तर चाक उलटे लावले. तो येऊन शांतपणे म्हणाला, "हे उलटं लागलंय," आणि परत गेला.

वहिनी आधी आनंदात होती. मग एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "भावजी, हे आता थट्टा का करत नाहीत हो?"

"दुखण्यातून उठलाय, वहिनी."

"हो," ती म्हणाली. "मी परवा मुद्दाम दोनदा मीठ घातलं भाजीत. खाल्ली. 'छान झालीय' म्हणाले." ती माझ्याकडे वळली नाही. ताटे पुसून झाली होती, तरी ती पुसतच राहिली.

मी खाली आलो. गाडीवर आम्ही ताडपत्री टाकून ठेवली होती. तिच्याकडे इतके दिवस कुणी फिरकले नव्हते. बॉडीचे सगळे बोल्ट डब्यात होते. बॉडी चासीवर नुसती टेकलेली होती, घसरायला मोकळी. मी ताडपत्री ओढली.

गाडी सरळ उभी होती.

मी चारही बाजूंनी फिरलो. गुडघ्यांवर बसून बघितले. दाराची फट सगळीकडून सारखी होती. बोनेट नीट बसलेले. इंजिनाचा चौथा बोल्ट मी काढला, बोटाने परत घातला. अलगद गेला.

ती एकाच माणसाखाली अशी बसायची.

मी मागचे दार उघडले. सीट रिकामी होती. गादीवर हात ठेवला. सावली आलेली असूनही गादी कोमट होती. "दादा," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार? "दादा, मी आहे."

वर जाऊन मी त्याला, घरातल्या त्याला, हाताला धरले. "एकदा खाली चल. एकदाच बस तिथे. मी परत कसतो, परत सोडवतो."

त्याने माझा हात सोडवला, हळुवारपणे, दुखू नये असा. "नको," तो म्हणाला. "मी पुष्कळ बसलो तिथे."

दादा तिथे एक दुपार बसला होता. आणि नंतर थोडासा वेळ.

त्यानंतर मी काय काय केले ते सांगण्यासारखे नाही. त्या सीटवर तासन् तास बसलो. मांडीवर पोती घेतली, ओझी घेतली, हात जोडले. मला घे, त्याला सोड, असे एखाद्या यंत्राला कुणी म्हणते का? मी म्हणत होतो. मी बसलो तरी गाडी जरासुद्धा खाली जात नव्हती. तिला मी नकोच होतो.

चष्मेवाल्या गृहस्थांना मी कळवले नव्हते. तरी ते आले. दारातूनच त्यांनी गाडी पाहिली आणि चष्मा काढून डोळे टिपले.

"झाली सरळ," ते म्हणाले.

"नाही साहेब. काम राहिलंय. बॉडी सैल आहे. थोडे दिवस द्या."

"दिसतेय की सरळ."

"साहेब, मला विकत द्या ही. नाहीतर इथेच राहू द्या, मी सांभाळतो. मी पाया पडतो तुमच्या."

त्यांनी मला वाकू दिले नाही. खांदे धरून उभे केले. "मला वाटत नाही का तुमच्याबद्दल?" ते म्हणाले. "पण आता ती थांबायची नाही. बोल्ट तेवढे कसून द्या. रस्ता खराब आहे."

मी डबा घेऊन उभा राहिलो. बोल्ट कसले तर दादा आत कसला जाणार. नाही कसले तर पहिल्याच खड्ड्यात बॉडी चासीवरून घसरणार, आणि तो आत. मी वर पाहिले. खिडकीत ते दोघे होते. वहिनी माझ्याकडे बघत होती. तो तिच्या शेजारी, खिडकीच्या चौकटीत अगदी नीट बसवल्यासारखा उभा होता.

सैल गाडीत मी त्याला रस्त्यावर कसा पाठवू?

मी गाडीखाली सरकलो आणि बोल्ट कसले. एकेक करून, हाताला जोर होता तेवढा लावून. मधेच थांबून ऐकत होतो. वरून कुणी मला हळूबाई म्हणाले नाही.

बाहेर येऊन हात पुसले. गृहस्थ स्टीअरिंगवर बसले होते. मी म्हणालो, "मी येतो बरोबर. वाटेत काही झालं तर..."

"या," ते समोर बघत म्हणाले. "मागे उजवीकडे जागा आहे."

वहिनीला मी हात केला. संध्याकाळपर्यंत येतो, असा. तिने हात वर केला तो तसाच राहिला.

मी उजव्या बाजूने आत शिरलो, दार ओढले. टप. इंजिन एका दमात सुरू झाले, पाण्यासारखे वाहते. गल्ली गेली, छापखाना गेला, मोठा रस्ता आला. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून, खिडकीबाहेर बघत, सीटच्या माझ्या अर्ध्या भागातच बसलो होतो. डावीकडे बघायचे नाही, असे ठरवले होते.

चौकात गाडी वेगाने उजवीकडे वळली. मी तोल जाऊन डावीकडे कललो, पार त्या बाजूला जाऊन पडणार इतका.

पडलो नाही. मधेच कुठेतरी खांद्याला खांदा टेकला.